दूध तुटताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळून इथे दिलं आहे.)



आयोजकांचा निरोप असा होता की वीस मिनिटं बोलायचं, पण आपल्या पोटापाण्याच्या धंद्यावर नाही. माझ्याकडून बहुतेकांची अपेक्षा एआयची होती. चहाच्या वेळी तिघांनी तर "आमच्या नोकऱ्या राहतील का?" हेही विचारून घेतलं. मी मात्र वांदरांवर बोलणार आहे. मागच्या रांगेतून आत्ता जे हसू आलं ते अपेक्षितच होतं. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना आपल्या शाळेत याच नावाने हाक मारली जायची.

विषय नेमका सांगते. वांदराच्या पिल्लाचं दूध तुटतं तेव्हा त्याच्या जिवावर किती ताण येतो, तो त्याच्या वागण्यात कसा दिसतो आणि पुढे किती दिवस पुरतो. हा विषय घेण्याचं कारण आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दहावीच्या निकालानंतर तिथे दोन दिवस एकच चर्चा चालली होती. पोराला कोट्याला पाठवायचं, लातूरला की नांदेडला, की इथेच अकोल्याला ठेवायचं? पंधरा वर्षांच्या लेकराला घराबाहेर काढायचं की नाही यावर प्रत्येकाकडे ठाम मत होतं, आणि पुरावा म्हणून कोणाचा तरी चुलतभाऊ होता. मी त्या चर्चेत काही लिहिलं नाही. पण दिवाळी आणि उन्हाळ्यात घरी आले की चिखलदरा, सेमाडोह, नाहीतर अकोटवरून नरनाळा अशी एक फेरी माझी गेली सात-आठ वर्षं होते, आणि तिथे मी वह्या भरून वांदरं बघते. त्या वह्यांमुळे वाचनही वाढलं. वाचलेल्यातलं बरंचसं त्या चर्चेला लागू पडतं असं मला वाटलं.

आपल्याकडचा वांदर म्हणजे काळ्या तोंडाचा, करड्या अंगाचा, लांब शेपटीचा वानर. लाल तोंडाचं माकड वेगळं, त्याच्याकडे नंतर येते. वरूड-मोर्शीकडच्या ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत, ज्यांच्या तुरीच्या शेंगा टोळीने येऊन ओरबाडल्या आहेत, त्यांनी मला माफ करावं. वांदरावर प्रेम करायला आपलं शेत नसावं लागतं, हे मला पूर्ण मान्य आहे.

वानराची मादी साधारण दोनशे दिवस गाभण राहते आणि एक पिल्लू देते. पिल्लू जन्मतः काळपट असतं, तोंड मात्र गुलाबी. करडा रंग पुढच्या काही महिन्यांत येतो. त्या काळ्या रंगाचा टोळीतल्या माद्यांवर काय परिणाम होतो ते बघण्यासारखं असतं. बाळंतिणीच्या खोलीत आत्या, मावश्या, काकू शिराव्यात तशा सगळ्या गोळा होतात आणि पिल्लू या हातातून त्या हातात जायला लागतं. जन्मून काही तास झालेलं पिल्लू आई दुसरीच्या हातात देते. फिलिस जे या अमेरिकन बाईंनी 1958 ते 1960 या काळात लखनौजवळच्या कौकोरी गावात आणि बस्तरमधल्या ओरछाच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांमागे महिनोन्‌महिने घालवले आणि हे तपशिलात लिहून ठेवलं. नवख्या, अजून न व्यालेल्या पोरी पिल्लाला उलटं धरतात, फांदीवर घासटतात. पिल्लू किंचाळलं की एखादी जाणती मादी ते हिसकावून घेते. आई तोवर निवांत पाला खात असते. तिला त्याचीच गरज असते, कारण पाल्यावर दूध तयार करायचं म्हणजे दिवसभर खात बसावं लागतं.

हे लाड फार दिवस टिकत नाहीत. रंग बदलला की मावश्यांचा रस ओसरतो. पिल्लू जरा मोठं झालं की आईही अंगाला लावून घ्यायला कुरकुरते. आधी नुसती पाठ फिरवते. मग छातीवर हात आडवा धरते. मग डोकं ढकलते. पिल्लू ओरडतं, म्हणजे खरोखर कानठळ्या बसतील असं ओरडतं. फांदीवरून पळत टोकाला जातं, परत येतं, अंग टाकून देतं आणि आईला चक्क मारतं. सेमाडोहला सिपना नदीच्या काठावर मी एका पिल्लाने आईच्या तोंडावर चापट मारलेली पाहिली आहे. आईने काय केलं? घेतलं पदराखाली. वांदरीला पदर नसतो, पण तुम्हाला समजलं. थोड्या वेळाने पुन्हा ढकललं.

आपल्याकडे याला दूध तोडणं म्हणतात. लेकरू अंगावरून उतरत नसेल तर आपल्या आज्या कडुनिंबाचा पाला वाटून लावायच्या, किंवा लेकराला आठ दिवस मामाच्या घरी पाठवायच्या. उष्टावणाचा सोहळा होतो. दूध तुटण्याचा मात्र नाही. ते घरातल्या घरात, रडारडीत, दोघींपुरतं उरकतं.

आता हा झगडा मुळात का? मला हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या अंगाने आवडतो, कारण त्याचं उत्तर हिशेबात आहे. मादी पाजत असते तोवर तिला बहुधा पुढचं पिल्लू राहत नाही. आपल्या गावाकडच्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. म्हणजे या पिल्लाला दिलेला प्रत्येक महिना पुढच्या पिल्लाच्या वाट्यातून जातो. रॉबर्ट ट्रिव्हर्स या शास्त्रज्ञाने 1974 साली हा हिशेब मांडला. आईच्या दृष्टीने दोन्ही पिल्लं सारखीच तिची, दोघांत तिचा निम्मा-निम्मा वाटा. पिल्लाच्या दृष्टीने मात्र ते स्वतः पूर्ण आणि येणारं भावंड फार तर निम्मं. साहजिकच आईला जेव्हा "आता पुरे" वाटतं, त्याच्यानंतरही पिल्लाला काही काळ "अजून पाहिजे" वाटत राहणार. ती ओरड, ती चापट त्या मधल्या काळातली आहे. कोणाचंच वागणं बिघडलेलं नसतं.

हिशेब सुंदर आहे, पण माझं मन जास्त जीन ऑल्टमन या बाईंच्या कामावर बसलं. शिक्षणाने त्या गणिताच्या. केनियातल्या अंबोसेलीत त्यांनी बबून माकडांच्या आया आणि पिल्लं वर्षानुवर्षं पाहिली आणि 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी 1974 मध्ये, निरीक्षण कसं करावं यावर त्यांचा एक लेख आला होता आणि तो आजही जगभर वापरला जातो. साधी गोष्ट आहे. आपली नजर नेहमी तमाशाकडे जाते. जे पिल्लू ओरडतं तेच आपण लिहून ठेवतो. त्याऐवजी एकच जनावर ठरवायचं, ठरावीक मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं आणि काहीही घडलं नाही तरी "काही घडलं नाही" हे लिहायचं. मी हे सुरू केलं तेव्हा माझ्या वहीतला रडारडीचा आकडा एकदम खाली आला. पिल्लाच्या दिवसातला बहुतेक वेळ खेळण्यात, पाला चघळण्यात आणि झोपेत जातो. बाई, प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर लिहायचा असं तुम्ही सांगायचा, त्याचा मला हा सगळ्यात उशिरा झालेला उपयोग.

ऑल्टमनबाईंना दिसलं ते असं. आई सरसकट नकार देत नाही, ती वेळ शिकवते. ती खात असताना किंवा चालत असताना पिल्लू लोंबकळलं तर ढकलते. ती बसलेली, विसावलेली असताना तेच पिल्लू आलं तर घेते. हळूहळू पिल्लाला वेळापत्रक कळतं आणि ओरड कमी होते. म्हणजे जे आपल्याला भांडण दिसतं त्यातला मोठा भाग वाटाघाटीचा असतो. ज्या आयांनी घरून काम केलं आहे, लॅपटॉप उघडा असताना अंगावर चढणारं पोर ज्यांनी बाजूला केलं आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

दूध कधी तुटतं याचंही एक कोडं आहे. जोधपूरच्या आसपासच्या वानरांना देवदर्शनाला येणारे लोक भरपूर खाऊ घालतात. तिथे पिल्लाचं दूध साधारण वर्षभरात तुटतं. त्यांच्याच जातकुळीतल्या नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांना कोणी काही देत नाही. तिथे हेच जवळजवळ दोन वर्षांवर जातं. आपल्याला वाटेल की खाऊनपिऊन असलेली आई जास्त दिवस पाजेल. होतं उलटं. पोटभर मिळालं की पिल्लू लवकर वाढतं, आई लवकर मोकळी होते आणि पुढचं पिल्लू लवकर येतं. चिखलदऱ्याच्या पॉइंटवर आपण जे शेंगदाणे आणि कुरकुरे टाकतो, ते असं त्यांच्या बाळंतपणापर्यंत जाऊन पोहोचू शकतं. टाकू नका, एवढंच म्हणते.

आता ताणाकडे येते. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. ते रक्तात मोजता येतं आणि जंगलात विष्ठेतूनही, म्हणजे प्राण्याला हात न लावता. वागण्यातली खूण मात्र ओरड नाही. ओरडणारं पिल्लू अजून मागणी करतंय, त्याला उत्तराची आशा आहे. खेळ बंद होणं ही खरी खूण. पिल्लू गुडघ्यात मान घालून बसलं, बाकीची पिल्लं बोलवायला आली तरी हललं नाही, की समजावं.

हे ज्ञान ज्या रस्त्याने आलं तो सुखाचा नाही, आणि त्या रस्त्याची सुरुवात आपल्या देशातून होते. उत्तर भारतातली लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं लाखोंच्या संख्येने पकडून परदेशी प्रयोगशाळांना विकली गेली. 1978 साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. अमेरिकेत विस्कॉन्सिनला हॅरी हार्लो यांनी पिल्लं जन्मल्यानंतर लगेच आईपासून तोडली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईजवळ असलं तरी पिल्लं दिवसभर कापडाच्या आईला बिलगून राहिली. 1958 साली हे प्रसिद्ध झालं, तोवर मानसशास्त्राची पुस्तकं सांगत होती की लेकराला आई आवडते कारण ती दूध देते. पुढे हार्लोंनी पिल्लं सहा-सहा महिने संपूर्ण एकटी कोंडली. त्यांचं जे झालं ते वर्णन करायची माझी इच्छा नाही, आणि ते करण्याची गरज होती असंही मला वाटत नाही. एक गोष्ट तेवढी सांगते. हार्लो आणि त्यांचे विद्यार्थी सुओमी यांनी ही बिघडलेली पिल्लं सुधारायचा प्रयत्न केला तेव्हा कामी आली ती तीन महिन्यांची, साधी, नीट वाढलेली पिल्लं. वयाने निम्मी. ती जाऊन नुसती बिलगायची, खेळायला ओढायची. काही महिन्यांत कोपऱ्यात डुलत बसणारी पिल्लं खेळायला लागली.

माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी काम केंब्रिजजवळच्या मॅडिंग्लीत झालं. रॉबर्ट हाइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात ऱ्हीसस माकडांची छोटी कुटुंबं पाळली. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की आईला सहा दिवस दुसरीकडे न्यायचं आणि परत आणायचं. पिल्लू आपल्याच घरात, ओळखीच्या मावश्यांत. सहाच दिवस. तरीही नेहमीच्या वागण्यात विसरून गेलेली ही ताटातूट वर्षानंतरही अनोळखी जागी अनोळखी वस्तू समोर ठेवली की दिसायची. ती पिल्लं जास्त बिचकायची. मात्र सगळी सारखी नाही. ज्यांचं आईशी आधीपासूनच ताणलेलं होतं, जी आधीच जास्त ढकलली जात होती, त्यांना ताटातूट जास्त लागली. आपण उलटं समजतो. याला सवय आहे, याला काही वाटणार नाही, असं म्हणून आपण बरोबर त्याच पोराला पुढे करतो.

मग त्यांनी एक प्रयोग बदलून केला. काही ठिकाणी आईला बाहेर काढलं, काही ठिकाणी पिल्लालाच. दोन्हीकडे तेरा दिवस. जास्त त्रास कोणाला झाला असेल? मी घरी दोघा-तिघांना विचारलं, सगळ्यांनी "पिल्लाला बाहेर काढलं त्याला" असं सांगितलं. ताटातुटीच्या काळात ते खरंही असेल. पण परत भेटल्यानंतर जास्त दिवस बिथरलेली राहिली ती, जिची आई बाहेर गेली होती ती पिल्लं. कारण आई परत आली तेव्हा टोळीतली तिची जागा हललेली होती. तिला आधी बाकीच्यांशी जुळवून घ्यायचं होतं, पिल्लाकडे बघायला तिच्याकडे सवड नव्हती. उलट पिल्लू बाहेर जाऊन आलं तेव्हा आई आपल्या जागी भक्कम बसलेली होती. ती त्याच्यासाठी मोकळी होती.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही हे मी कबूल करते. नोकरीसाठी जाणारी आई आणि शिक्षणासाठी जाणारं मूल, यांतलं कोण गेलं यापेक्षा परत आल्यावर कोणाच्या हातात सवड आहे, हा प्रश्न मी आधी कधी विचारलाच नव्हता.

आता लाल तोंडाच्या माकडांकडे. महाबळेश्वरला तुमच्या हातातलं कणीस पळवतं ते बॉनेट माकड, डोक्यावर भांग पाडलेलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लेनर्ड रोझेनब्लम यांनी या जातीची आणि तिच्या एका डुकरासारख्या शेपटीच्या पूर्वेकडल्या चुलतजातीची तुलना केली. चुलतजातीची आई काढून घेतली की पिल्लू कोसळायचं. बॉनेटचं पिल्लू थोडं रडायचं आणि दुसऱ्या मादीच्या कुशीत जायचं. फरक एवढाच की बॉनेट माद्या एरवीही एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांच्या पिल्लाला बाकीच्यांची अंगं ओळखीची असतात. आपल्या वानरांत हे आणखी पुढे जातं. त्याच फिलिसबाईंनी पुढे कॅलिफोर्नियात वानरांची आई काही दिवस बाजूला करून पाहिली, तेव्हा मावशी पिल्लाला निवडते असं नव्हे, पिल्लूच मावशी निवडतं असं दिसलं. आपण होऊन एखादीकडे जायचं, तिने झिडकारलं तर पुन्हा जायचं. आणि आई परतल्यावरही काही पिल्लं निवडलेल्या मावशीकडेच राहिली.

आपल्या वर्गात मामाकडे, मावशीकडे, आत्याकडे राहून शिकणारी किती जण होती ते आठवा. दर्यापूर, मूर्तिजापूर, परतवाडा, तेल्हारा, सगळीकडून. मी त्यातलीच. आपल्याला कोणी निवडायला लावलं नव्हतं हे खरं, पण आत्या ओळखीची होती, तिच्या घरचा वास ओळखीचा होता. कोट्याच्या खोलीत तो नसतो.

रोझेनब्लम यांचा दुसरा प्रयोग मात्र आपल्या जिल्ह्याने नीट ऐकावा. बॉनेट आयांचे गट केले. काहींना खाणं सहज मिळायचं. काहींना ते कायम उकरून शोधावं लागायचं. आणि काहींना दोन आठवडे सहज, दोन आठवडे कष्टाने, पुन्हा सहज, असं आलटून पालटून. पोटभर सगळ्यांनाच मिळत होतं, उपाशी कोणी नव्हतं. सगळ्यात भित्री, चिकटून राहणारी पिल्लं निघाली ती तिसऱ्या गटात. कायम कष्ट करणाऱ्या आयांची पिल्लं त्यामानाने ठीक होती. आणि 1996 साली असं प्रसिद्ध झालं की ती तिसऱ्या गटातली पिल्लं मोठी झाली तरी त्यांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात ताणाची यंत्रणा सुरू करणारं रसायन चढलेलंच होतं. पिल्लांना कोणी आईपासून तोडलं नव्हतं. आई जवळ होती, पण तिचं लक्ष उद्याच्या खाण्यात होतं, आणि उद्याचं काही ठरलेलं नव्हतं. आपली शेती कोरडवाहू. पाऊस कधी येईल ते ठरलेलं नाही, आला तर थांबेल की नाही ते नाही, सोयाबीनचा, कापसाचा भाव काय लागेल तेही नाही. गरिबी आपण मोजतो. ही दर हंगामातली धाकधूक कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण ती घरातल्या लेकराच्या अंगात उतरत असेल असं मानायला मला पुरेसं कारण दिसतं. माकडावरून माणसावर उडी मारताना सांभाळून मारावी हे मला माहीत आहे. इथे मी ती मारते.

"म्हणजे लेकराला जपूनच ठेवायचं का?" असं कोणीतरी विचारणारच, म्हणून स्टॅनफर्डचं एक काम सांगते. दक्षिण अमेरिकेतली चिमुकली स्क्विरल माकडं. पिल्लू सतरा आठवड्यांचं झाल्यापासून आठवड्यातून एकदा, एकच तास आईपासून दूर, असं दहा आठवडे. बाकीच्या पिल्लांना काहीच नाही. पुढे नव्या जागी सोडल्यावर ज्यांनी हे दहा तास सोसले होते ती कमी घाबरली, जास्त हिंडली आणि त्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं. तास संपला की आई होतीच. लस टोचावी तसा हा प्रकार. मात्रा वाढवली तर ती लस राहत नाही.

इतकं सगळं वाचताना एक शब्दाचा गोंधळ मला फार खटकला. प्रयोगशाळांत "दूध तोडणं" म्हणजे पिल्लू उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात नेणं. दूध आणि आई एकाच दिवशी बंद. जंगलात असं होत नाही. वानराच्या पिल्लाचं दूध तुटतं आणि त्या रात्री ते आईला बिलगूनच झोपतं. या ढकलण्याने त्याचं काही बिघडत नाही, उलट त्यातूनच ते शहाणं होतं. मॅकाक जातीच्या माकडांचं सगळं संशोधन चाळून 2012 साली एक आढावा निघाला. त्यात शिफारस आहे की दहा ते चौदा महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून हलवू नये. आणि वानरांत लेकी तर सहसा जात नाहीत. त्या बहुधा जन्मभर आईच्या टोळीत राहतात. टोळी सोडावी लागते ती मुलग्यांना, आणि तेही एकेकटे न जाता नरांच्या टोळक्यात जातात. आपण बरोबर उलटा नियम केला आणि त्याला परंपरा म्हणतो.

2017 च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. माझ्यासारख्यांना याचा उपयोग आहे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला यातलं काहीही नाही. ती बाभळीला झोळी बांधते आणि झोळीजवळ आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण बसवते. आमच्या वेचणीच्या दिवसांत वर्गात मुलींची हजेरी का घसरते, हे सर, तुम्ही कॅटलॉग बघून ओळखायचात. टोळीतली मावशी म्हणजे वऱ्हाडात बहुतेक वेळा ही पोरगी असते. आपण माजी विद्यार्थी निधीतून संगणक कक्षासाठी पैसे गोळा करतोच आहोत. त्यातला काही वाटा वेचणीच्या तीन महिन्यांत एखाद्या गावात पाळणाघर चालवायला वळवावा, असा माझा प्रस्ताव आहे. दुपारच्या बैठकीत तो रीतसर मांडते. संगणकवालीच संगणकाचे पैसे कापते म्हणून ओरडू नका.

राहिलं कोटा. 2023 मध्ये तिथल्या वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा हुकूम निघाला, म्हणजे मुलाने लटकून घ्यायचा प्रयत्न केला तर पंखा खाली यावा. एवढं वाचल्यावर मी माझ्या मुलाबद्दल ठरवलं की तो दोन वर्षं घरीच राहील. तुम्ही तुमचं ठरवा. पाठवणार असाल तर मला विचारायचे प्रश्न एवढेच आहेत. त्याच्या ओळखीचं कोण आहे तिथे? आधी आठ-आठ दिवस राहून परत आलाय का कधी? आणि तो सुटीत घरी येईल तेव्हा तुम्ही कुठे असाल? तो फोनवर रडला तर घाबरू नका, मी सांगितलंच की ओरडणारं पिल्लू अजून मागतंय. तो क्रिकेट खेळायचा थांबला, बोलायचा थांबला, "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणू लागला, तर त्याच रात्रीची गाडी पकडा.

डिसेंबरात कोलकासला जाण्याचं ज्यांनी नाव दिलंय त्यांनी दुर्बीण आणा, चिवडा आणू नका. माझी वीस मिनिटं संपून पाच वर झाली आहेत. बाईंचा हात कधीचा वर आहे, त्यामुळे पहिला प्रश्न त्यांचा.